ज्यांनी तुझं नाव पुसलं

रंगनाथ, चितेगाव फाट्यावरचा तुझा फ्लेक्स मी उतरवला. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. टपरीवाल्याकडून स्टूल मागून घेतलं, कात्री पर्समध्ये होतीच. गुडघे दुखतात, साडी नेसून स्टुलावर चढायची सवय नाही, तरी चढले आणि चारही कोपऱ्यांच्या दोऱ्या कापल्या. टपरीवाला खालून म्हणत होता, "बाई, पंधरा दिवस बी नाय झाले, ऱ्हाऊ द्या ना." मी म्हटलं, "राहू देणार नाही."

तुझा फोटो आधार कार्डावरचा होता, ओढून मोठा केलेला, त्यामुळं तुझा चेहरा पसरट दिसत होता. 'आमचा लाडका सहकारी' असं लिहिलं होतं. आणि खाली, 'शोकाकुल' म्हणून, तुझ्यापेक्षा मोठ्या फोटोत हेमंत बोराडे. जाकीट, गॉगल, हात जोडलेले. आपल्या संस्थेच्या पाचही शाळांचा संगणक समन्वयक. ज्यानं तुझं काम उचललं, त्यावर स्वतःचं नाव घातलं आणि वर तुला शाळेबाहेर काढलं, तो तुझ्यासाठी शोकाकुल झाला होता.

मला रडू यायला हवं होतं. तुझ्या दहाव्याला नदीवर सगळ्या बाया रडत होत्या, मी कोरडीच उभी होते. मला सूड हवा होता. सत्तावीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईच्या तोंडी हा शब्द शोभत नाही, पण न्याय वगैरे म्हटलं तर ते खोटं होईल.

तू पहिल्या दिवशी आलास तेव्हा मला वाटलं, पंखे दुरुस्त करायला कुणी आलंय. पायात स्लीपर, खिशात पेनाऐवजी दोन स्क्रू ड्रायव्हर. मी म्हटलं, "नववी अ मधला पंखा आधी बघा." तू निमूट गेलास, पंखा दुरुस्त केलास, आणि मग स्टाफरूममध्ये येऊन म्हणालास, "पंखा झाला ताई. आता कॉम्प्युटरची खोली कुठंय? मला तिथं घेतलंय." कंत्राटी संगणक निदेशक. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी माझ्या डब्यातली अर्धी भाकरी तुला दिली. पुढं दोन वर्षं देत राहिले.

त्या खोलीत चौदा संगणक होते, पैठण रोडवरच्या कुठल्याशा कंपनीनं नवे घेतले तेव्हा जुने आम्हाला दिलेले. दसऱ्याला त्यांना झेंडूचे हार घालून पूजा व्हायची आणि पुन्हा वर्षभर ते कापडाखाली. त्या वर्षी आठवीला नवा भाग आला होता. रंगीत ठोकळे एकाला एक जोडायचे आणि प्रोग्रॅम तयार करायचा, मुलांनी खेळता खेळता शिकायचं. सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर आलं. चौदाही संगणकांनी एकच उत्तर दिलं, हे इथं चालणार नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "कापड टाका परत. फळ्यावर ठोकळे काढून शिकवा."

तू प्रत्येक संगणकाला हात लावून पाहिलास. मग मला म्हणालास, "मशीन मेलेलं नाय ताई. त्याच्यावर जे बसवलंय ते जड झालंय. आमचे आबा मेंढरं घेऊन फिरायचे ना, तव्हा घोडं म्हातारं झालं की घोडं नाय बदलायचे. वझं कमी करायचे."

म्हणजे विंडोज काढून लिनक्स घालायचं. हलकं, फुकट, कुणीही वापरावं म्हणून लोकांनी मिळून केलेलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण अडचण कळली. ठोकळ्यांचं ते सॉफ्टवेअर ज्यांनी केलं होतं त्यांनी ते लिनक्सवर, तेही एवढ्या जुन्या मशीनवर, चालेल असं केलेलं नव्हतं. संगणक वाचवला तर सॉफ्टवेअर जातं, सॉफ्टवेअर धरलं तर संगणक बसतो. तू म्हणालास, "दोन्ही पायजे."

मग तुझे उद्योग सुरू झाले. माझ्या मोकळ्या तासाला मी शेजारी वह्या तपासत बसायचे आणि तुझं बोलणं ऐकायचे. आधी तू मध्ये एक दुभाषा बसवलास, विंडोजचं सॉफ्टवेअर लिनक्सला समजावून सांगणारा. खिडकी उघडली, पण ठोकळ्यांच्या जागी नुसते काळे चौकोन. मग जुनी आवृत्ती शोधलीस. ती ज्या आधारावर उभी राहते, तो आधार देणं बनवणाऱ्यांनीच बंद केलेलं. शहागंजात सलीमभाईंच्या रिपेअरच्या दुकानात तू काम शिकला होतास, तिथल्या कुठल्याशा जुन्या डिस्कवर तो सापडला. ठोकळे दिसायला लागले, तर मराठी फुटली. पहिली वेलांटी अक्षर सोडून लांब, एका ठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसायची. 'दिशा' लिहिलं की वेलांटी एकीकडं, द एकीकडं. त्या एका वेलांटीपायी तू बारा दिवस घालवलेस. तेराव्या दिवशी माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिलास आणि चालू तासात म्हणालास, "बसली." पोरींना काही कळेना. मला कळलं आणि मी खडू हातात घेऊनच तुझ्यामागं पळत आले.

पडद्यावर चालायला जे चित्र असतं, त्या जागी तू एक मेंढरू काढलं होतंस. पाय जरा आखूडच होते. आठवीच्या कोमलनं ठोकळा जोडला, बटण दाबलं, आणि मेंढरू दहा पावलं चाललं. "सर, चाललं! मेंढरू चाललं!" चाळीस पोरी बाकांवर चढल्या. मुख्याध्यापक आरडाओरडा ऐकून आले आणि तेही बघत बसले.

तिथंच आपलं पहिलं भांडण झालं. ठोकळ्यांवरचे शब्द तू मराठीत केले होतेस. 'म्होरं चल.' 'माघारी फिर.' 'वाईच थांब.' मी लाल पेन काढलं. म्हटलं, शाळा आहे ही, 'पुढे जा' लिही. तू म्हणालास, "पोरी घरी कसं बोलत्यात? संगणकाला वाटू द्या की आपल्यातलंच कुणीतरी बोलतंय." आठ दिवस आपण बोललो नाही. शेवटी तू 'पुढं' केलंस. मी म्हटलं, पुढे, मात्रा दे. तू हात जोडलेस, "ताई, एवढा एक अनुस्वार मला ऱ्हाऊ द्या." तो राहिला. मी अजूनही म्हणते ते चूक होतं, आणि आता तू उत्तर देऊ शकत नाहीस म्हणून मी जिंकले असंही नाही.

हेमंत आला तो पावसाळा संपताना. खोलीभर फिरला, पोरींची मेंढरं चालताना पाहिली, तुझ्या पाठीवर थाप मारली. "साहेबांना दाखवतो. एका पेनड्राइव्हवर सगळं दे." तू दिलंस. वर कसं बसवायचं ते दोन पानांवर लिहूनही दिलंस. पुढच्या शैक्षणिक प्रदर्शनात आपण दोघं पोरींना घेऊन गेलो, तर मधल्या मोठ्या टेबलावर आपलंच मेंढरू चाललेलं. पहिल्या पडद्यावर अक्षरं, 'संकल्पना आणि निर्मिती : हेमंत बोराडे'. तुझं नाव जिथं होतं, बरोबर तिथं.

मी त्याच्याकडं निघाले होते. तू माझा हात धरलास. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा आणि शेवटचं. "ताई, पोरींसमोर नको."

परत येताना फाट्यावर चहा घेताना मी तुला काय काय बोलले. भित्रा म्हटलं. नेभळट म्हटलं. तू बशीतला चहा फुंकत म्हणालास, "सिस्टीम फुकटची. सॉफ्टवेअर फुकटचं. कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांनी बनवून सोडून दिलं. मी त्यांना कव्हा काय दिलं? मग माझ्या चार ठोकळ्यांवर माझंच नाव कामून पायजे?"

"फुकट देणं वेगळं आणि चोरी वेगळी. तुझ्या त्या फुकटवाल्यांचा काही नियम असेलच की."

"हाय ना. कुणीबी घ्या, कुणीबी बदला, वाटा. फक्त आधीच्याचं नाव पुसायचं नाय."

"मग त्यानं पुसलं ना!"

तू बशी खाली ठेवलीस आणि एसटी आली. तो वाद तिथंच राहिलाय, रंगनाथ. तुझ्याच नियमानं तू हरला होतास आणि ते तुला कळलं होतं, हे मला तुझ्या तोंडावर दिसलं होतं.

पुढचं सोपं होतं त्याच्यासाठी. संस्थेत नवे संगणक यायचे होते. त्यासाठी जुने निकामी ठरायला हवे होते, आणि तुझ्यामुळं ते मेले नव्हते. चालू संगणक हीच तुझी चूक झाली. तुझ्यावर कागद निघाला की संस्थेच्या मालमत्तेतली मूळ प्रणाली तू परवानगीशिवाय काढून टाकलीस. करार पुढं वाढवला नाही. शेवटच्या दिवशी तू चौदाही संगणक पुसून काढलेस, कापडं धुऊन आणली होतीस ती घडी करून ठेवलीस, आणि पुन्हा सलीमभाईंच्या दुकानात जाऊन बसलास.

तिथंच गेलास. दुपारी, डबा उघडायच्या आधी. वय एक्केचाळीस.

मी शहागंजात गेले तेव्हा सलीमभाई तुझ्या स्टुलाकडं बघतसुद्धा नव्हते. म्हणाले, "मॅडम, उसकू कित्ते बार बोल्या मैं, लड ना रे, तेरी चीज हय. नक्को बोल्या. दिल में रखा सब. दिलच गया." मग त्यांनी तुझ्या सगळ्या कामाची डिस्क माझ्या हातात दिली. "आप रखो. मेरेसे नहीं होता देखना."

त्याच दिवशी रिक्षात बसल्या बसल्या माझं ठरलं.

हेमंतला एक गोष्ट माहीत नव्हती. ती फक्त तुला, मला आणि त्या वेळच्या आठवीच्या पोरींना माहीत होती. वेलांटी बसल्यावर आवाज येईना झाला होता. तो आला का हे तपासायला काहीतरी रेकॉर्ड करायला हवं होतं. पोरी म्हणाल्या, सर, मेंढराला हाक मारा. तू लाजलास, खिडकीकडं तोंड केलंस आणि हेडफोनच्या माइकमध्ये ती हाक दिलीस. जीभ टाळूला लावून 'हिर्रर्र', मग दोनदा 'च्यक च्यक', आणि शेवटी लांबवून, "चल गं बयेऽऽ". तिसऱ्या धड्यात मेंढरू काठीपाशी पोचलं की ती वाजते. हेमंतनं पहिल्या पडद्यावरचं नाव तेवढं बदललं होतं. तिसऱ्या धड्यापर्यंत तो कधी गेलाच नव्हता. प्रदर्शनात त्याच्या टेबलावर स्पीकरही नव्हता.

मी त्याच्याकडं गेले आणि गोड बोलले. मला एवढं गोड बोलता येतं हे मलाच माहीत नव्हतं. म्हटलं, "सर, शाळेत शोकसभा घेऊ. तालुक्याच्या शिक्षण खात्यातल्या अधिकारी बाईंना बोलवा. तुमचा ठोकळ्यांचा संच आता जिल्हाभर जाणार म्हणतात, तर रंगनाथला श्रद्धांजली म्हणून तुम्हीच तो चालवून दाखवा. तो तुमच्या हाताखाली शिकला, असं सांगा." तो खुलला. "बाई, तुम्ही फार समजूतदार आहात." मी म्हटलं, "स्पीकरची सोय मी करते."

स्पीकर मी करीम मंडपवाल्याकडून आणले, लग्नातले. आणि तुझ्या वडलांना, आबांना, पहिल्या रांगेत मधोमध खुर्ची ठेवली.

पुढचं लिहायचं नव्हतं. पण तुला सांगायलाच हवं.

आबांना आता नीट दिसत नाही. पांढरं धोतर, डोक्याला लाल पटका, हातात काठी. शेजारी तुझी बायको सविता, तिच्या मागं आठवीच्या वर्गातल्या तुझ्या सगळ्या पोरी, आता दहावीतल्या. हेमंतनं भाषण केलं. तुला 'होतकरू' म्हणाला. मग संच उघडला. पहिला धडा, मेंढरू चाललं, टाळ्या झाल्या. मी मागून म्हटलं, "सर, तिसरा धडा फार सुंदर आहे. तो दाखवा ना बाईंना." त्यानं बटण दाबलं. मेंढरू चालत काठीपाशी गेलं.

"हिर्रर्र... च्यक च्यक... चल गं बयेऽऽ."

लग्नातले स्पीकर, रंगनाथ. सबंध हॉलमध्ये तू होतास.

माझा हिशोब असा होता की आबा म्हणतील, हा माझ्या लेकाचा आवाज. मेंढपाळाची हाक ज्याची त्याची असते, कळपसुद्धा दुसऱ्याच्या हाकेला फिरत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. एका बापाची साक्ष, अधिकाऱ्यासमोर. एवढंच मला हवं होतं.

आबा उठून उभे राहिले. पडद्याकडं त्यांनी पाहिलंच नाही. दाराकडं वळले आणि म्हणाले, "रंग्या? कव्हा आलास रं?"

सवितानं त्यांना धरलं. त्यांना बसवता बसवता ती माझ्याकडं पाहत होती, आणि तिला सगळं कळलं होतं. स्पीकर, खुर्ची, तिसरा धडा, सगळं.

अधिकारी बाईंनी विचारलं, "हा आवाज कुणाचा?" चाळीस पोरी एकदम म्हणाल्या, "रंगनाथ सरांचा!" हेमंत म्हणाला, "म्हणजे, किरकोळ मदत घेतली होती त्याची, आवाजापुरती." बाई म्हणाल्या, "मग तो कुठं घातलाय ते उघडून दाखवा." त्याला येईना. त्यानं उगाच तीन ठिकाणी बोट लावलं, संच बंद पडला, पुन्हा चालू केला. शेवटी कोमल पुढं आली. "सर, सरका." तिनं ठोकळे उघडले, त्याच्या आतलं उघडलं, आणि रेकॉर्डिंगची यादी पडद्यावर आली. रंगा एक, रंगा दोन, रंगा तीन. मी सलीमभाईंनी दिलेली डिस्क बाईंच्या समोर ठेवली. पहिल्या काळ्या चौकोनांपासून वेलांटीपर्यंत तुझं सगळं काम तारखांसकट त्यात होतं.

हेमंतच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. मी तो पाहत राहिले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतका की घरी जाऊन मी पोटभर जेवले.

चार दिवसांनी तो गारखेड्याला माझ्या घरी आला. जाकीट नव्हतं. सोफ्याच्या टोकाला बसला. "बाई, मिटवून टाका. माझीही मुलं आहेत." मी पाणी दिलं. चहा विचारला नाही. आमच्या घरून आजवर पोस्टमनसुद्धा बिनचहाचा गेला नाही, हे त्याला माहीत होतं, म्हणून तो थोडा वेळ स्वयंपाकघराकडं बघत राहिला. मी म्हटलं, "रंगनाथलाही मुलगी आहे. तिला तुम्ही काय सांगणार ते आधी ठरवा, मग माझ्याकडं या." तो उठला. दारात चप्पल घालताना वळून म्हणाला, "पंचनाम्यावर तुमचीही सही आहे, बाई. चौकशी लागली तर ती पण निघेल."

बरोबर बोलला.

हे तुझ्या तोंडावर मी कधीच सांगितलं नाही. तुला काढलं त्या कागदाच्या खाली दोन सह्या होत्या. एक मुख्याध्यापकांची, दुसरी माझी. 'मूळ प्रणाली काढून टाकताना आम्ही समक्ष पाहिले.' समक्ष पाहिलंच होतं मी, तुझ्या शेजारी वह्या तपासत बसून. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त एक ओळ नव्हती, की मुख्याध्यापकांनी माझ्यासमोर तोंडी परवानगी दिली होती, कारण ती मागायला मीच गेले होते. हेमंत म्हणाला, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत बाई, कशाला अडकता. मी पेन काढलं. तुझे शब्द खोडायचे त्याच पर्समधलं, फक्त निळं.

त्यानंतरही तू माझ्या घरी आलास. माझा संगणक बंद पडला होता तो चालू करून दिलास, पोहे खाल्लेस, माझ्या मुलाची चौकशी केलीस. मी प्रत्येक क्षणी वाट बघत होते, आता विचारशील. तू विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला माहीत नसावं. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

चौकशीत मी सगळं सांगितलं. हेमंतच्या समोर, मुख्याध्यापकांच्या समोर. त्याला बुडवायचं तर मला त्याच पाण्यात उतरावं लागणार होतं, आणि मी उतरले. हे धैर्य नव्हतं. तो सुटता कामा नये, एवढंच होतं. संचावर आता तुझं नाव आहे, पहिल्या पडद्यावर, पूर्ण. समन्वयकाचं पद त्याच्याकडून गेलं. वसतिगृहाच्या कोठीत धान्य मोजतो आता. दूरवर गेलेला नाही, जाता येता दिसतो, आणि तो दिसला की मी थांबून त्याच्याकडं नीट बघते. माझ्या सेवापुस्तकात ठपका नोंदवला गेला. चौदा संगणक चालू आहेत.

आणि मग गेल्या रविवारी सकाळी मी तुझ्या घरी गेले. सविता भाकरी थापत होती. आबा बाहेर उन्हात बसले होते, माझा आवाज ओळखून त्यांनी मान फिरवली. मी चुलीपाशी बसले आणि तिला सहीचं सांगितलं. सगळं, न रडता.

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला.

"मला म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "त्यांना बी. कागदाची झेराक्स त्यांच्याच हातात दिली व्हती की. घरी आले तव्हा म्हणले, ताईंचा इलाज नव्हता, दोन वर्षं राहिल्यात त्यांची. तू मनात ठिवू नको."

मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"त्यांनी नाय ठिवलं," सविता म्हणाली. "मी ठिवलं. त्या बोराड्याचं मला काय नाय वाटत, त्यो परका. तुमी माझ्या घरच्याला रोज भाकरी द्यायच्या. आन् त्या दिवशी म्हाताऱ्याला भर सभेत बसवलं, लेक मेला त्याचा आवाज ऐकवायला. आजून ते रोज दाराकडं बघत्यात, म्हाईत हाय का? त्या बोराड्याला तुमी जसं धरलं ना बाई, तसं तुमाला कुणीतरी धरावं. चार लोकांत. आसं वाटतं मला. रोज वाटतं."

"मग धर," मी म्हटलं.

"धरीन. माझी येळ आली की धरीन." तिनं भाकरी उलटली. "आता जावा तुमी."

मी उठले. आबांच्या समोरून जाताना नमस्कार केला, तो त्यांनी घेतला नाही. फाट्यापर्यंत चालत आले, आणि तिथं, रंगनाथ, तू गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू आलं. टपरीवाल्यानं स्टूल पुढं सरकवलं. बराच वेळ आलं.

तिचं खरं आहे. माझ्या पोटात इतके दिवस जे जळत होतं, तेच तिच्या पोटात आहे, आणि तिचा हक्क माझ्याहून मोठा आहे. मला ते कुठून सुरू होतं, कसं गोड बोलायला शिकवतं, कसं जेवण पचवतं, सगळं माहीत झालंय. ती काय करेल ठाऊक नाही. निवृत्तीच्या कार्यक्रमात उठून बोलेल, की पोरींसमोर बोलेल. मी रजा घेणार नाही. जिथं बोलावेल तिथं जाऊन उभी राहीन.

तू असतास तर मध्ये पडला असतास. म्हणाला असतास, जाऊ द्या ना दोघी. या वेळी पडू नकोस. तिला तिचं करू दे.